तीन वाजताची पाळी

आमच्या वस्तीत माझी ओळख तीन प्रकारे करून देतात. विहाराच्या महिला मंडळाची सचिव, कॉर्पोरेशनच्या शाळेतून रिटायर झालेली विज्ञानाची बाई, आणि जिभेवर कापूर जाळणारी. खरं सांगायचं तर तिसरी ओळख मला सगळ्यांत प्रिय होती. नारळातून करणी काढणारे, लिंबातून रक्त काढणारे, पाण्यानं दिवा पेटवणारे, सगळ्यांची पोल मी तीस वर्षं खोलत आले. शेवटी पेटता कापूर जिभेवर ठेवायचा, दोन क्षण थांबायचं, तोंड मिटायचं आणि म्हणायचं, "यात देव नाही, भूत नाही. जीभ ओली पाहिजे, बस." बाया टाळ्या वाजवायच्या. मला ते आवडायचं.

आता चौसष्ट वर्षांची आहे. गुडघे बोलतात. सचिवपद कुणी घेतं का म्हणून तीन वर्षं विचारते आहे, तर सगळ्या जणी एकदम पदर सारखा करायला लागतात. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे घडलं त्यात माझा मोठेपणा शोधू नका. त्याच कापरानं मी एका पोरीला विहाराबाहेर घालवलं होतं.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत आमचा वर्षावास असतो. त्या तीन महिन्यांत विहारात रोज ग्रंथाचं वाचन चालतं. पुरुषांचं संध्याकाळी, बायांचं दुपारी अडीचला. आमच्या निम्म्या बाया सकाळी काटोल रोडच्या फ्लॅटांमध्ये पोळ्या-भांडी करून येतात, चारला नळ येतात, मधल्या दीड तासात जो काय धम्म व्हायचा तो होतो. कुणाचा भिंतीला टेकून डोळा लागतो. मी उठवत नाही. या सगळ्याची एक वही आहे, पाळीची वही. कोणत्या दिवशी कोण झाडणार, कोण मेणबत्ती लावणार, कोण वाचणार. वही माझ्या पिशवीत असते आणि पाळी चुकवणारीला मी सोडत नाही.

माया आमची सगळ्यांत चांगली वाचणारी. देवकीबाईंची सून, अंकुश ऑटोवाल्याची बायको, बारावी झालेली, चार वर्षांची एक मुलगी. कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगला जायची. तिच्यासोबत शेजारच्या गल्लीतली कामिनी. दोघी सहा वर्षं एकाच बसमध्ये, एकाच सीटवर. मार्चमध्ये एका दुपारी तिथला बॉयलर फुटला. तीन बाया गेल्या, त्यांत कामिनी. मायाच्या कोपराला भाजलं आणि एक कान आठवडाभर बंद राहिला, एवढंच. "थोडक्यात निभावलं," असं जो तो म्हणाला. मीही म्हणाले.

कामिनीच्या पुण्यानुमोदनाचं, म्हणजे शोकसभेचं, सूत्रसंचालन मीच केलं. माया मागच्या रांगेत बसली होती, कोरड्या डोळ्यांनी. मी माईकवरून सांगितलं, "पाहा, मैत्रीण गेली तरी ही पोरगी किती धीरानं बसली आहे." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, संकोच.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिची वाचनाची पाळी आली. वाचत होती छान. तीन वाजले असतील, ती मध्येच थांबली. बोट ओळीवर तसंच. मान दाराकडे.

"काय झालं वं?" मी विचारलं.

"थांबा जरा. कामिनी आवाज देऊन राहिली."

वीस बाया होत्या. एकीनं दाराकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. विहारात अशी कुजबुज सुरू झाली की ती कुठं जाते हे मला माहीत होतं. आज कामिनीचा आवाज, उद्या कामिनीची बाधा, परवा लिंबू-मिरची, आणि तेरवा कुठला तरी बाबा. आमच्या आज्या-पणज्यांनी सगळे देव-भूत गाठोड्यात बांधून नदीत सोडले ते काय उगाच? बावीस प्रतिज्ञा भिंतीवर रंगवलेल्या आहेत आमच्या, मोठ्या अक्षरांत. मला राग आला, हे कबूल करते. मायाचा नाही, भुताचा. पण राग मायावर निघाला.

मी उठले. पिशवीत कापूर असायचाच. "इथं भूतबीत काही येत नाही," मी म्हणाले. "शिकली-सवरली पोरगी तू, बारावी सायन्स, अन् असं बोलते? ऐकू येते म्हणे. मेलेलं माणूस आवाज देत नाही. दुबळं मन आवाज देते." आणि मी कापूर पेटवला आणि जिभेवर ठेवला.

आगीचा तो इवलासा भपका. माया ताडकन उठली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली, दोन्ही हात कानांवर. मी तोंड मिटलं. बायांनी "साधु, साधु, साधु" म्हटलं. माया चपला न घालता निघून गेली. चपला दोन दिवस विहाराच्या पायरीवर होत्या, मग देवकीबाई येऊन घेऊन गेल्या.

भाजलेल्या पोरीसमोर मी आग पेटवली. एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती. मी तर त्या दिवशी खुशीत घरी गेले होते.

तीन आठवड्यांनी देवकीबाई माझ्या घरी आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"बाई, सांगून ठेवतो," त्या म्हणाल्या. "मंगळवार पाहून आम्ही मायाले बाबाकडे नेऊन राहिलो. पारशिवनीच्या तिकडे हाय एक. मग तुमी आमचं नाव विहारातून काटा नाही तर बोर्डावर लिहा."

"काय झालं ते तर सांगा."

"काय राह्यलं व्हायचं? तीन वाजले का मोरीत जाते, नळ सोडते, बादल्या वाहून जातेत, हे तशीच उभी. आवाज येऊ नये म्हणून. झोप नाही, खाणं नाही. लेकरू हाका मारते तर दचकते. परवा तीन वाजता घरातून निघाली, भर उन्हात, पायी. अंकुशले काटोल नाक्यावर सापडली. कुठी चालली म्हणलं, तर म्हणे कळमेश्वरले. कामिनीले घेऊन येतो म्हणे." देवकीबाईंनी रस्त्याकडे हात केला. "ट्रक कसे चालतेत त्या रोडवर, तुमाले माहीत हाय. पुढच्या बारीले अंकुश नसला तं?"

"बाबाकडे नको. डॉक्टरकडे नेऊ."

"कुठी? पागलखान्यात?"

आमच्या भागात मेंटल हॉस्पिटलला कुणी मेंटल हॉस्पिटल म्हणत नाही. पिढ्यान् पिढ्या तो पागलखाना. भांडणातही लोक एकमेकांना तिथंच पाठवतात.

"पागलखान्यात गेली का सून पागल झाली, पागलाची लेक पागल झाली," देवकीबाई म्हणाल्या. "बाबाकडे गेली तं निदान बाधा होती म्हणता येते. बाधा निघून जाते. तुमच्यानं होत असन तं एका महिन्यात करून दाखवा. नाही तं आमी मोकळे."

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. मी तीस वर्षं लोकांना बाबांच्या दारातून ओढून आणलं, पण आणून कुठं बसवायचं, हे कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मायाकडे गेले. ती पलंगावर बसली होती. केस विंचरलेले, घर आवरलेलं. वाळली होती फार. मी माझं भाषण तयार करून नेलं होतं. मेंदू, कान, धक्का, झोप. शाळेत द्यावा तसा धडा दिला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलून राहिली का, बाई?"

"खोटं नाही. पण ते खरंही नाही."

"मले तर ऐकू येते."

"भास हाय तो, माया."

"तुमाले कधी नाही झाला?" ती माझ्याकडे सरळ पाहत होती. चेष्टा नव्हती त्यात, टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. "तुमचे मालक गेले तवा? कधीच नाही?"

"नाही," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. आमचं बोलणं संपलं.

घरी आले तेव्हा पाच वाजले होते. साडेपाचला मी उठले आणि फाटक उघडलं.

हे आता सांगावंच लागेल. माझा नवरा देवराव, वीज मंडळात लाइनमन. साडेतेहतीस वर्षं तो साडेपाचला स्कूटरवर घरी आला. फाटकापाशी दोनदा रेस द्यायचा, म्हणजे मी बाहेर येऊन फाटक उघडायचं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत एप्रिलमध्ये त्याला ॲम्ब्युलन्सनं नेलं ते नेलंच. मला चेहरा दाखवला नाही. पुण्यानुमोदन झालं मोबाइलवर, बारा चौकोनांत बारा तोंडं, अर्ध्यांचा माईक बंद. त्यानंतर आठव्या दिवशी साडेपाचला मी फाटकापाशी दोनदा रेस ऐकली.

आणि पाच वर्षं ऐकते आहे. रोज नाही, पण आठवड्यातून पाच दिवस तरी. स्कूटर तर मी केव्हाच विकली. मला माहीत आहे की हा भास आहे. मी विज्ञान शिकवलेली बाई आहे. तरी उठते, फाटक उघडते, दोन मिनिटं उभी राहते आणि आत येते. गल्लीतल्या बायांना वाटतं, बाई संध्याकाळची हवा घ्यायला उघडतात. मी तसंच वाटू दिलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या पोरीनं विचारलं आणि मी तिच्या तोंडावर खोटं बोलले, कारण कापूरवाल्या बाईला नवऱ्याची स्कूटर ऐकू येते, हे वस्तीत फिरलं असतं तर मला मरणाची लाज वाटली असती.

त्या संध्याकाळी मी फाटकाला धरून पुष्कळ वेळ उभी राहिले. फार थकल्यासारखं झालं. सगळ्याचाच कंटाळा आला, खरं बोलण्याचाही आणि खोटं सांभाळण्याचाही.

दुसऱ्या दिवशी वाचन झाल्यावर मी बायांना थांबवलं. माझी चूक झाली म्हणाले, कापूर पेटवायला नको होता. एवढंच म्हणाले. स्कूटरचं धाडस झालं नाही. मग पाळीची वही उघडली. "रोज अडीच ते साडेतीन एकीनं मायाजवळ बसायचं. झाडायची, मेणबत्तीची, वाचायची पाळी असते तशी ही चौथी. ज्या दिवशी बसण्याची पाळी, त्या दिवशी वाचनाची सुट्टी. अन् दर मंगळवारी मेंटल हॉस्पिटलात तिच्यासोबत एकीनं जायचं."

सगळ्या जणी पदर सारखा करायला लागल्या. मग एकीच्या सासूचं ऑपरेशन निघालं, दुसरीची कंबर, तिसरीचं, माझी झाडायची पाळी तर कालच झाली. खोटं कुणीच बोलत नव्हतं. पोळ्या लाटून आलेल्या बायांना मी आणखी एक काम सांगत होते. एकीनं विचारलं, "बाई, ते अंगावर-बिंगावर नाही ना येत?"

विहार कमिटीचे अध्यक्ष रामाजी रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांच्या कानावर संध्याकाळपर्यंत गेलंच. आले. "बाई, विहार हाय का दवाखाना? पागलखान्यात बाया पाठवाल तं लोक काय म्हणतीन?"

"रामाजी भाऊ, विहारात पंखा लावायले तुमी तीन मीटिंगा घेतल्या. हे मी मीटिंगीत ठेवून नाही राहिली. सांगून राहिली."

ते रागावून गेले. जाताना मात्र दारात थांबून म्हणाले, "दवाखान्यात काही लागलं तं माह्या भाच्याचा नंबर घ्या. तिकडं कंपाउंडर हाय." माणूस वाईट नाही, फक्त आधी नाही म्हणण्याची सवय.

पहिल्या दिवशी पाळी कुणी घेईना म्हणून गोपिकेनं घेतली. गोपिका आमच्यातली सगळ्यांत कमी शिकलेली. सही करते, बाकी अक्षर येत नाही, म्हणून वहीत तिचं नाव नेहमी झाडण्यापुढंच. ती अंबाडीची भाजी निवडायला घेऊन मायाकडे गेली. मी पावणेतीनला मागोमाग गेले. भरवसा नव्हता माझा. काहीतरी खुळचट बोलेल, पोरगी आणखी बिथरेल. आत न जाता खिडकीपाशी उभी राहिले, वर्गाबाहेर हेडबाई उभ्या राहतात तशी.

गोपिका खाली बसून पानं खुडत होती. माया पलंगावर. तीनच्या सुमारास मायाची मान दाराकडे गेली. "आली," ती म्हणाली.

मी गज धरला. आता गोपिका ओरडेल, नाहीतर पळेल.

गोपिकेनं भाजीतून डोकं वर काढलं नाही. "काय म्हणते?" तिनं विचारलं.

माया तिच्याकडे पाहतच राहिली. मार्चपासून तिला हे कुणी विचारलं नव्हतं. येते की नाही यावर आम्ही सगळ्यांनी भाषणं दिली. काय म्हणते, हे नवऱ्यानं विचारलं नाही, सासूनं नाही, आणि मी तर नाहीच नाही.

"म्हणते... माया वं, ये न लवकर. हात दुखून राहिले."

"मग तू काय म्हणते?"

मायानं मोरीकडे पाहिलं. मोरीतला नळ बंद होता. मग तिनं सांगितलं. त्या दिवशी बॉयलरच्या भिंतीकडचं टेबल तिचं होतं. तीनला पोरगी शाळेतून घरी पोचते, तिचा आवाज ऐकायचा म्हणून तिनं कामिनीला सांगितलं, पाच मिनिटं माह्या जागी उभी राह्य. ती फोन घेऊन बाहेर गेली. पाचाची दहा मिनिटं झाली, कारण पोरगी फोनवर कविता म्हणत होती. कामिनीनं दारातून आवाज दिला, ये न लवकर, हात दुखून राहिले. माया म्हणाली, आली, आली. आणि पोरीला म्हणाली, हं, पुढं म्हण.

"मी आली नाही न, काकू," माया म्हणाली. "आली म्हणली, अन् आली नाही."

मला वाटलं आता गोपिका म्हणेल, तुझा काही दोष नाही. मी असते तर तेच म्हणाले असते आणि वर कार्यकारणभाव समजावला असता. गोपिकेनं भाजी बाजूला सारली. उठून पलंगावर बसली, तिचा भाजलेला कोपर मांडीवर घेतला.

"पाच मिनिटं तं कोणीबी मांगते वं," ती म्हणाली. "मी रोज मांगतो. कामिनीनंबी तुले मांगितली असतीन."

"लय डाव मांगितली," माया म्हणाली, आणि रडायला लागली. कामिनीच्या पुण्यानुमोदनाला न रडलेली पोरगी तिथं रडली. गोपिका तिला थोपटत होती आणि अधूनमधून दाराकडे बोट करून म्हणत होती, "सांग तिले. हे तिलेच सांग."

मी खिडकीतून मागं सरले. विज्ञान सगळं मला येत होतं, आणि आवाजाला उत्तर द्यायचं असतं हे अंबाडी निवडणाऱ्या बाईला. लाज वाटली. आणि थोडा हेवाही.

पाळी लागली, पण वाकडीतिकडीच. दोघी जणी आल्याच नाहीत, एक येऊन मोबाइल पाहत बसली, एकीनं आपल्याच सासूची रडगाणी गायली. एका गुरुवारी कुणीच नव्हतं तेव्हा रामाजी दारात खुर्ची टाकून तासभर पेपर वाचत बसले, एक शब्द बोलले नाहीत. माया रस्त्यावर निघाली नाही, हे खरं. नळही कमी सुटला. पण झोप आली नाही, भाकरी गेली नाही, आवाज थांबला नाही. बसून जेवढं होतं तेवढं होतं. बाकीला डॉक्टरच लागतो. तीन मंगळवार गेले. दर मंगळवारी जिची पाळी असेल ती यायची, अंकुश ऑटो काढायचा, आणि माया पलंगावरून उठायची नाही. देवकीबाईंचा महिना संपत आला होता. त्यांनी बाबाकडचा दिवस ठरवून टाकला. पुढचा मंगळवार शेवटचा, आणि पाळी माझी.

त्या मंगळवारी ती उठली. का, ते मला कळलं नाही. कदाचित तीही थकली होती. अंकुशनं दवाखान्याच्या फाटकाशी सोडलं आणि ऑटो लावायला गेला. माया दहा पावलं चालली आणि कडुनिंबाखाली थांबली.

"बाई, मी नाही येत अंदर."

"एवढी आली तं आता..."

"मी पागल नाही. तुमीच म्हणलं होतं, दुबळं मन. दुबळ्या मनाले इथं आणतेत का?" आवाज चढला नव्हता. "तुमाले काही होत नाही. तुमाले काय कळते? तुमी मले सोडून जासान, अन् उद्या वस्ती म्हणन, पागलखान्यातून आली."

लोक ये-जा करत होते. कुणी आमच्याकडे पाहत नव्हतं. तिथं प्रत्येकाला आपलं पुरेसं असतं. माझ्याकडे तिला सांगण्यासारखी भाषणं होती, पण सगळी तिनं ऐकलेली. गुडघे दुखत होते. माझ्यात हिंमत वगैरे काही आली नाही. फक्त आणखी एकदा खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं.

मी तिला तिथंच सोडलं आणि खिडकीपाशी जाऊन रांगेत लागले. चार माणसं होती पुढं. माझा नंबर आला.

"पेशंटचं नाव?" आतल्या माणसानं विचारलं.

"प्रेमिला देवराव गजभिये."

"वय?"

"चौसष्ट."

"काय त्रास?"

मागं माया आली आहे, हे मला पावलांवरून कळलं. मी वळले नाही. "नवरा जाऊन पाच वर्षं झाली," मी म्हणाले. "साडेपाचला त्याची स्कूटर येते. मी रोज फाटक उघडते."

त्या माणसानं मान वर केली नाही, हसला नाही, काही नाही. लिहून घेतलं. "झोप लागते?"

"नाही."

असा प्रश्न मला पाच वर्षांत कुणी विचारला नव्हता. माझे डोळे भरून आले आणि चष्मा काढावा लागला. त्यानं केसपेपर खिडकीतून पुढं सरकवला. "सहा नंबरसमोर बसा. पुढचे."

पुढं कुणी सरकलं नाही. मग माझ्या खांद्यावरून एक हात आला, कोपराला भाजल्याचा डाग असलेला.

"माया अंकुश रामटेके," ती म्हणाली. "वय अठ्ठावीस. मले तीन वाजता ऐकू येते."

सहा नंबरसमोरच्या बाकावर आम्ही बसलो, आपापला केसपेपर मांडीवर घेऊन. पुढं वीसेक जण होते. तिनं मान वाकवून माझा केसपेपर वाचला.

"तुमी मले खोटं सांगितलं होतं," मग ती म्हणाली.

"हाव."

"घरीच राहता तवा एकट्या? साडेपाचले?"

"हाव."

तिनं माझ्या पिशवीत हात घातला, वही शोधली. वही नव्हती, गडबडीत घरी राहिली होती. पेन तेवढं सापडलं. ते तिनं माझ्या हातात दिलं.

"उद्यापासून साडेपाचले माही पाळी," ती म्हणाली. "लिहा."

मी केसपेपर उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं.